नदीकडचं तोंड

ढिवरपुरा, चंद्रपूर
२ जून २०२५

ती. चंदाबाईस,
इस्तारीचा सा. न. वि. वि.

बिरजू कंडक्टर उद्या धानोऱ्याच्या गाडीवर आहे, म्हणून घाईनं लिहायला बसलो. तापात तुझे कान गेल्यापासून फोनवर बोलायचं म्हणजे मी इथून ओरडायचं, तू तिथून नुसतं हॅलो हॅलो करायचं, आणि आपल्या घरच्या गोष्टी सगळ्या गल्लीला कळायच्या. नथ्थूभाऊजींचा मोबाइल तर टेकडी चढल्याशिवाय बोलत नाही. त्यापेक्षा कागद बरा. शिवाय कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही.

आनंदाची बातमी आधी. जया आली. जावईबापू धनराज यांना रेल्वेच्या ठेक्यावर बाहेरगावी जावं लागतं, नागभीडच्या घरी तिच्याजवळ कोणी बाईमाणूस नाही. म्हणून सातव्या महिन्याची वाट न पाहता पाचव्यातच आणून सोडली. दिवाळीच्या आसपास बाळ होईल म्हणतात. रुखमा पोरीला पाणीसुद्धा हातानं घेऊ देत नाही. पोरगी हसते आणि म्हणते की माय, मी आजारी नाई पडून राह्यली.

दुसरी बातमी गल्लीची. तुझ्या लग्नात वरात ज्या नालीवरून उड्या मारत आली होती, ती नाली आता जाणार. सगळी गल्ली खोदली आहे. जुन्या किल्ल्याच्या गेटाच्या वरच्या अंगाला जेवढं शहर आहे त्याचं पावसाचं पाणी एका मोठ्या पाइपातून आपल्या गल्लीखालून थेट नदीत जाईल, आणि संडासाचं पाणी वेगळ्या लाइनीनं वेगळीकडे. दोन्हींची भेटच नाही. इंजिनीअरसाहेबांनी नकाशा दाखवला तेव्हा मला खरंच भरून आलं, बाई. आपलं सगळं आयुष्य पावसाळ्यात खाटेवर पाय घेऊन बसण्यात गेलं.

लोक आपापले ओटे तोडायला तयार नव्हते. शेजारचा डोमा तर कुदळ घेऊन उभा राहिला होता, की माझ्या ओट्याले हात लावाल तर बघा. मी आधी माझा ओटा तोडला. मग एकेक करत सगळ्यांनी तोडले. आता गल्लीत मला लोक अध्यक्ष म्हणतात, थट्टेनं का होईना.

पाऊस लागायच्या आत काम होईल असं ठेकेदार म्हणतो. भाऊजींना नमस्कार सांग. लोभ आहे तेवढा ठेव, वाढवलास तर आणखी बरं.

तुझा भाऊ,
इस्तारी


मुरमाटोला, ता. धानोरा
९ जून २०२५

चि. इस्तारीस,
चंदाबाईचे अ. आ. वि. वि.

अध्यक्षसाहेब, पत्र पावलं. आता तुम्हाला चि. लिहावं की रा. रा. लिहावं, या विचारात अर्धा दिवस गेला.

जया आली हे वाचून फार बरं वाटलं. पण एक सांगते, रागावू नकोस. खोदलेल्या गल्लीत पोटुशी पोरगी कशाला ठेवतोस? फळी टाकून घरात जात असशील, आणि त्या फळीवरून ती दिवसातून दहादा ये-जा करत असेल. माझ्याकडे पाठव. इथे अंगण सपाट आहे, दारात विहीर आहे, आणि मी रिकामीच आहे. आता कानानं कोणाचं ऐकू येत नाही, त्यामुळे भांडायलाही कोणी येत नाही.

तू म्हणशील की चंद्रपूरला मोठा दवाखाना आहे. ते खरं आहे आणि म्हणून मी हट्ट करत नाही. मी अंगणवाडीत होते तेव्हा पावसाळ्यात अडलेल्या बायांना खाटेवर घालून नाला ओलांडताना मीच पाहिलं आहे. पण मनात आलं ते लिहिलं.

बिरजूबरोबर चारोळी आणि डिंक पाठवते आहे. चारोळी मी आणि भाऊजींनी जंगलातून आणून फोडली, बाजारातली नाही. बाळंतिणीच्या लाडवांसाठी आहे, रुखमाला डब्यात घट्ट झाकून ठेवायला सांग. तू त्यातली खाऊ नकोस. लहानपणापासून तुझा हात डब्यात गेलेला मला इथून दिसतो.

आणि नळाचं पाणी कसं येतं ते लिही. सगळं खोदलं म्हणतोस, मग नळाची लाइन जागेवर आहे का? जयाला उकळून देत जा.

पोरीच्या तोंडावरून माझा हात फिरव. आमची आठवण असू द्यावी.

तुझी बाई,
चंदा


ढिवरपुरा, चंद्रपूर
६ जुलै २०२५

ती. चंदाबाईस,
इस्तारीचा सा. न. वि. वि.

उशीर झाला, पण कारण ऐकशील तर शाबास म्हणशील.

ठेकेदाराची माणसं पहिला जोराचा पाऊस पडला तशी निघून गेली. मोठा पाइप टाकून झाला आहे, संडासं नव्या लाइनीला जोडून झाली आहेत, पण खोदलेली नाली तशीच उघडी आहे. सगळ्यांत मोठी गोष्ट राहिली ती नदीकडच्या तोंडाची. तिथे लोखंडी झडप लागणार होती. गल्लीतलं पाणी बाहेर जाईल, पण नदी चढली तर तिचं पाणी आत येणार नाही, अशी झडप. ती आलीच नाही. इंजिनीअरसाहेब फोनवर म्हणाले की पाऊस उघडला की बघू. मी त्यांना म्हटलं की साहेब, पाऊस उघडल्यावर झडप काऊन पाह्यजे?

गेल्या सोमवारी नदी चढली आणि त्या पाइपातून उलटी आत शिरली. इतकी वर्षं पूर काठावरून यायचा, तेव्हा निदान दिसायचा. आता गल्लीच्या मधोमध चेंबरच्या झाकणांतून वर आला. डोमाच्या उंबऱ्याला लागला. बाया सामान माळ्यावर चढवू लागल्या. जया दारात उभी राहून पोटावर हात ठेवून पाहत होती, ते मला बघवलं नाही.

मग मी पोरांना गोळा केलं. आपण ढिवर लोक, पाणी अडवायला आपल्याला कोणी शिकवावं लागतं का? धानाला पाणी सोडून झालं की आबा तलावाच्या तुडुमाचं तोंड कसं बुजवायचे, आठवतं? आधी पळसाच्या फांद्या, त्यावर चिकणमातीचे गोळे, त्यावर वाळूची पोती. अगदी तसंच केलं. गळ्याइतक्या पाण्यात उतरून पाइपाच्या तोंडाला तारेची जाळी अडकवली, फांद्या ठोसल्या, माती लिंपली, पोती रचली. दुपारपर्यंत पाणी यायचं थांबलं. मग डोमाच्या मोटरनं गल्ली उपसली. बायांनी मला कुंकू लावलं, बाई. डोमानं तोंडभरून सांगितलं की इस्तारी नसता तर आपण वाहून गेलो असतो.

जया बरी आहे. रोज संध्याकाळी पायांना सूज येते म्हणते, रुखमा तेल लावते. तू नळाचं विचारलं होतंस. लाइन नालीत उघडी पडली आहे, दोनतीन ठिकाणी फुटली तिथे सायकलच्या ट्यूबा करकचून बांधल्या आहेत. पाण्याला जरा वास येतो, तो नव्या रबराचा असेल. गाळून घेतो. गॅस पुरला तर उकळतोही.

तुझी चारोळी डब्यात आहे. एकच चिमूट खाल्ली. तिथून दिसलं असेलच.

माया अशीच असू दे.

तुझा भाऊ,
इस्तारी


मुरमाटोला, ता. धानोरा
११ जुलै २०२५

चि. इस्तारीस,
चंदाबाईचे अ. आ. वि. वि.

तुझं पत्र भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. तू गळ्याइतक्या पाण्यात उतरलास ती ओळ पुन्हा वाचली. शाबास तर म्हणतेच. आबा असते तर त्यांनी तोंडानं काही म्हटलं नसतं, पण संध्याकाळी ताटात मोठा तुकडा तुला वाढला असता.

पण इस्तारी, पत्र ठेवून दिलं तरी माझ्या मनाला चैन पडेना, म्हणून लगेच लिहिते आहे. तुला आबा तुडूम बुजवताना आठवतात. त्यानंतरचे आबा आठवत नाहीत, कारण तू पोरांबरोबर पोहायला पळायचास आणि मी त्यांच्या मागे डबा घेऊन जायची. तुडूम बुजवलं की ते घरी येत नसत. आधी सलंगेवर जायचे. भरल्या तलावातलं जास्तीचं पाणी बाजूनं निघून जायची ती वाट, तिच्यातला झाडोरा आणि बेशरमाची झुडपं स्वतः उपटायचे, आणि मगच जेवायला बसायचे. सलंग मोकळी नसेल तर तुडुमाला हात लावत नसत.

तुझ्या गल्लीची सलंग कुठे आहे ते तू लिहिलं नाहीस. नदीचं पाणी तू थांबवलंस. पण वरच्या शहराचं सगळं पाणी त्याच पाइपातून तुझ्याकडे येणार, असं तूच आधीच्या पत्रात लिहिलं होतंस. ते आता कुठून जाईल? मला नकाशे कळत नाहीत. माझं चुकत असेल तर हस आणि सोडून दे. पण चुकत नसेल, तर नदी उतरली की त्याच दिवशी ते तोंड मोकळं कर.

आणि रबराचा वास म्हणू नकोस. पाणी उकळ. गॅस संपला तर चूल पेटव, लाकडं मी पाठवते. नाहीतर जयाला नेऊन घाल नागभीडला, नाहीतर माझ्याकडे. माझा जीव तिच्यात अडकला आहे.

उत्तर याच फेरीनं पाठव. तेवढा लोभ कर.

तुझी बाई,
चंदा


ढिवरपुरा, चंद्रपूर
१ ऑगस्ट २०२५

ती. चंदाबाईस,
इस्तारीचा सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही. बिरजूही दिसला नाही. डेपोत विचारलं तर म्हणाले की रस्ते बंद आहेत, त्याला भामरागडकडच्या गाडीवर टाकलं, तो तिकडेच अडकला. म्हणून हे पोस्टात टाकतो. कधी पोचेल देव जाणे.

बाई, मी फार अडचणीत आहे. कोणाला सांगू?

पंधरवड्यापासून पाऊस आहे. वरच्या शहराचं सगळं पाणी मोठ्या पाइपातून खाली येतं आणि तोंड बंद असल्यामुळे आपल्या गल्लीत वर निघतं. पावसाच्या पाण्याची आणि संडासाची लाइन वेगळी होती, पण आता दोन्हींचे चेंबर पाण्याखाली आहेत, कशात काय मिसळलं ते विचारू नकोस. घाण दारासमोर उभी आहे. जाता येत नाही, येता येत नाही. जयाला मी पाठीवर घेऊन एकदा तपासायला नेलं. ती म्हणाली की बाबा, मी आता लहान नाई राह्यली, आणि माझ्या मानेत तोंड लपवलं. वासानं की लाजेनं, मी विचारलं नाही.

लोक म्हणतात तोंड उघड. ज्या बायांनी कुंकू लावलं त्याच म्हणतात. मी कसं उघडू? नदी अजून तोंडाच्या वर आहे. उघडलं तर सगळी नदी आत येईल. म्हणजे न उघडता घाणीत मरायचं, उघडून पुरात मरायचं. मी रोज नदीवर जाऊन बसतो आणि पाणी उतरायची वाट पाहतो. इंजिनीअरसाहेबांना फोन करकरून बोट दुखलं. एकदा मोटर पाठवली, ती बंद पडली. परवा डोमा आणि मी एकमेकांच्या अंगावर गेलो. इतक्या वर्षांचा शेजार, एका नावेत जाळं टाकलेले आम्ही.

डोमाला ताप आहे. काल पाहिलं तर त्याचे डोळे पिवळे दिसले. त्याच्या मागच्या घरातल्या सुनेचेही. जयाला जेवण जात नाही, उलट्या होतात. रुखमा म्हणते दिवसांमुळे असेल. मीही तेच म्हणतो.

तू काहीतरी लिही. शिव्या दे, पण लिही.

तुझा,
इस्तारी


सरकारी दवाखाना, चंद्रपूर
१४ ऑगस्ट २०२५

ती. आत्याबाईस,
जयाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी पडून लिहिते आहे, अक्षराला हसू नका. बिरजूदादा उद्या धानोऱ्याला येतील, त्यांच्या हाती देते. ते माझ्यासमोर रडले. तुमचं जुलैतलं पत्र त्यांच्या थैलीत इतके दिवस पडून होतं, गाडी बदलली म्हणून. मी त्यांना म्हटलं की दादा, रस्ता तुम्ही तोडला नव्हता.

मला कावीळ झाली आहे. आमच्या गल्लीतल्या आणखी तिघी याच वॉर्डात आहेत. डॉक्टरबाईंनी मायला विचारलं की पाणी कोणतं पिता. नळ जेव्हा बंद असतो तेव्हा फुटलेल्या लाइनीत बाहेरचं पाणी ओढलं जातं, असं त्या म्हणाल्या. गरोदर बाईला ही कावीळ वाईट असते, असंही म्हणाल्या. मला वाटतं हे त्यांनी मायला हळूच सांगितलं होतं, पण तुमच्या भाचीचे कान अजून चांगले आहेत.

बाबांचं सांगते. पाच दिवसांमागे बिरजूदादांनी तुमचं पत्र आणून दिलं तेव्हा बाबा दारातल्या फळीवर उभे होते. त्यांनी उभ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं. मग घडी करून खिशात ठेवलं आणि चपला काढल्या. नदी उतरली नव्हती. डोमाकाका तापात उठून आले आणि त्यांनी बाबांच्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतः धरलं. बाबांनी बुडी मारमारून पोती ओढली. जाळीच्या तारेनं त्यांचे दोन्ही हात फाटले. शेवटचं पोतं सुटलं तेव्हा गल्लीतलं पाणी आवाज करत निघालं, आत्याबाई. नदी आत आली नाही. वरच्या पाण्याचा जोर नदीपेक्षा जास्त होता. संध्याकाळी कितीतरी दिवसांनी आम्हाला गल्लीची जमीन दिसली. म्हणजे आधी उघडलं असतं तरी चाललं असतं, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात मायनं माझे डोळे पाहिले.

तेव्हापासून बाबा दवाखान्याच्या गेटवर बसून असतात. आत येत नाहीत. मायजवळ डबा देतात आणि परत जाऊन बसतात. त्यांना वाटतं, तोंड बुजवल्यामुळे तुंबलेलं पाणी नळात गेलं हे मला माहीत नाही. शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी मला सगळं सांगितलं आहे. तुम्ही त्यांना हे कळवू नका. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला लिहू. एक दिवस पूर्ण होता. पण फळीवर उभे राहून पत्र वाचणारे बाबा मला दिसतात आणि मग राग ठेवायला जागा सापडत नाही.

बाळ हलतं. आज थोडं कमी. मला भीती वाटते आत्याबाई. हे मायला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. आशीर्वाद पाठवा, लवकर पोचेल असा.

तुमची,
जया


मुरमाटोला, ता. धानोरा
१७ ऑगस्ट २०२५

चि. इस्तारीस,
अ. आ. वि. वि.

तुझं एक तारखेचं पोस्टातलं आणि जयाचं, दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली.

मी काल निघाले होते. नाल्याच्या पुलावर पाणी, तिथून गाडी परतली. आज पुन्हा गेलो, पुन्हा परतलो. भाऊजी म्हणाले की कमरेइतक्या पाण्यातून मले खांद्यावर घेऊन जा, असं म्हणशील तर तेही करतो. सत्तरीचा माणूस. मी त्यांना घरी परत आणलं.

इथे सगळे म्हणतात कावीळ उतरवणाऱ्याकडून मुळी आण, हातात बांध. मीही आणली होती, कागदात गुंडाळली होती. मग तो पुडा बाजूला ठेवून दिला. इस्तारी, तिला दवाखान्यातून हलवू नकोस. कोणी कितीही सांगितलं तरी नाही. डॉक्टर म्हणतील तसं.

आणि तू आत जा. गेटवर बसून कोणाची राखण करतोस? पोरगी आत एकटी पडली आहे. तिला बाप हवा आहे. दोष कोणाचा, झडप कोणी लावली नाही, पत्र कुठे अडकलं, तू काय केलंस, ते सगळं नंतर. मी येईन तेव्हा आपण दोघं बसून तुला जे बोलायचं ते बोलू, आणि मी एक शब्द कमी ठेवणार नाही. पण आज उठ आणि तिच्या खाटेपाशी जाऊन बस.

माझं एवढं ऐक. यापेक्षा जास्त लोभ मी कधी मागितला नाही.

बाई


ढिवरपुरा, चंद्रपूर
५ सप्टेंबर २०२५

ती. बाईस,
सा. न.

बाळ राहिलं नाही. मुलगी होती.

जया दोन दिवस शुद्धीवर नव्हती. जावईबापू माझ्याशेजारी बसून होते, त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. आता ती डोळे उघडते, रुखमाला ओळखते. डॉक्टरबाई म्हणाल्या की वाचली.

मी आत गेलो होतो. तुझं पत्र मिळालं त्या दिवसापासून रोज गेलो. खाटेशी बसलो, पण पोरीच्या तोंडाकडे माझ्यानं पाहवलं नाही. तिनं पाणी मागितलं की मी रुखमाला हाक मारतो. माझ्या हातानं तिला पाणी देता येत नाही, बाई. हात पुढेच होत नाही.

बाळाला आम्ही नदीकाठी वरच्या अंगाला ठेवलं, पाणी लागणार नाही तिथे. जागा मी पाहिली. एवढं काम मला जमलं.

रस्ता उघडला असेल तर ये. मला शिव्या द्यायला ये म्हणालीस तशी ये.

इस्तारी


मुरमाटोला, ता. धानोरा
२६ ऑक्टोबर २०२५

चि. इस्तारीस,
चंदाबाईचे अ. आ. वि. वि.

सुखरूप पोचले. महिनाभर तुमच्याकडे राहिले आणि इकडे धान कापणीला आलं. भाऊजींनी दिवाळीला एकट्यानं एकच दिवा लावला होता.

तुला जे बोलायचं ठरवलं होतं ते मी बोलले नाही. म्हणून आता लिहिते. झडप ज्यांनी लावायची होती त्यांनी लावली नाही, आणि उघडी नाली टाकून ते निघून गेले. ते त्यांच्या वाटचं, आणि तू डोमाबरोबर इंजिनीअरसाहेबांच्या ऑफिसात जाऊन ते ठणकावून सांगितलंस, ते बरं केलंस. तुझ्या वाटचं तुझं आहे. ते मी पुसणार नाही आणि पुसताही येणार नाही. तू पाण्याला अडवलंस आणि त्याला वाट ठेवली नाहीस. पण इस्तारी, आता स्वतःशीही तू तेच करून राहिला आहेस.

गल्लीतली नवी नळाची लाइन मी स्वतः पाहिली. सरकारी माणसं पाणी तपासून गेली, पुन्हा येऊन तपासून गेली, नदीकडे झडप लागली. सगळी गल्ली ते पाणी पिते. तू एकटा सायकलला कॅन बांधून गेटाच्या आतल्या हातपंपावर जातोस. रुखमाचे खांदे ते कॅन उचलून उतरले आहेत. जया खिडकीतून तुला जाताना पाहते. कुठवर वाहशील?

ती येत्या पंधरवड्यात नागभीडला जाईल. चारोळीचा डबा मी तिच्या पिशवीत ठेवायला सांगितला आहे. बाळंतिणीसाठी आणली होती आणि ती बाळंतीणच आहे. तिला ताकद यायला हवी.

ती जायच्या आधी तिच्याशी बोल. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. जीव लावणारी माणसं आहेत, त्यांना जवळ असू दे.

तुझी बाई,
चंदा


ढिवरपुरा, चंद्रपूर
१० नोव्हेंबर २०२५

ती. चंदाबाईस,
इस्तारीचा सा. न. वि. वि.

काल जया गेली. जावईबापू न्यायला आले होते. ते लिहायला बसलो आहे, पण कुठून सुरुवात करू ते कळत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

मी तिच्याशी बोललो नव्हतो. रोज ठरवायचो आणि कॅन घेऊन निघून जायचो. काल रुखमानं तिची ओटी भरली. डोमा आणि त्याची बायको आली, गल्लीतल्या सगळ्याच बाया आल्या, दवाखान्यात तिच्या शेजारी होत्या त्याही. ऑटो दारापर्यंत आला, बाई. आपल्या गल्लीत दारापर्यंत ऑटो मी पहिल्यांदा पाहिला. सिमेंटचा रस्ता झाला आहे, खाली कुठे काय आहे ते आता दिसतही नाही.

पिशव्या ठेवून झाल्या. मी प्रवासासाठी हातपंपाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, ते जावईबापूंच्या हाती दिलं. जया ऑटोत बसत होती ती थांबली. परत दारात आली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली की बाबा, मले आपल्या नळाचं पाणी पाह्यजे. तुमच्या हातानं द्या.

मला वाटलं होतं, माझ्या हातून काय झालं ते तिला माहीत नाही. त्या क्षणी कळलं की तिला माहीत आहे, पहिल्यापासून माहीत आहे, आणि गेटवर मी बसायचो तेव्हाही माहीत होतं. रुखमा आत जाऊ लागली तर तिनं मायचा हात धरला. मग मीच गेलो. तांब्या घेतला, नळ सोडला, पहिलं पाणी सांडून दिलं आणि मग भरला. बाहेर आणून तिच्यापुढे धरलं. तिनं माझा हात आणि तांब्या दोन्ही आपल्या हातांत धरले आणि प्याली. हळूहळू प्याली, लहान असताना प्यायची तशी. मग उरलेलं माझ्यापुढे केलं आणि म्हणाली की आता तुम्ही.

मी प्यालो. नंतर मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडलो, लोकांसमोर. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी बाप आणि ती पोरगी, पण हात तिनं ठेवला. ऑटो गेटाकडे वळेपर्यंत मागे पाहत होती.

नातीला मी विसरणार नाही. ते ओझं माझ्याजवळच राहील, ते कोणी उतरवू नये आणि मी उतरवणारही नाही. तिकडे वरच्या अंगाला मी पळसाचं रोप लावलं आहे.

आज सकाळी नळ आला. रुखमा भात चढवत होती, म्हणून हंडा मी लावला.

तुझ्या लोभावर जगणारा,
इस्तारी